निंबाचे शेंडे का जळतात?

पावसाळा सरत आला की बांधावरच्या, रस्त्याकडेच्या निंबाची टोकं तपकिरी पडलेली दिसतात. खालचा घेर हिरवागार, आणि वर कुणी मशाल फिरवल्यासारखे करपलेले शेंडे. २०२१ च्या पावसाळ्यानंतर तेलंगणातल्या निंबांची अशीच बातमी देशभर झाली. तेव्हापासून मोबाईल टॉवर, हवेतलं विष, तणनाशक, झाडाचं आयुष्य संपलं, असे तर्क सुरूच आहेत. खान्देशात उन्हाळ्याची सावली, आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका, पाडव्याचा पाला आणि कपाशीसाठी निंबोळी या सगळ्याला एकच झाड पुरतं. म्हणून निंब वाळला की लोक घाबरतात आणि घाईघाईने कुऱ्हाड उचलतात. बहुतेक वेळा त्या कुऱ्हाडीची गरज नसते.

आधी झाड खरंच मेलंय का ते बघा

या रोगाला शेंडेमर म्हणतात. फांदी टोकाकडून मरायला लागते आणि मरण खाली खोडाच्या दिशेने सरकतं. वाळलेल्या काडीची साल नखाने किंवा चाकूच्या टोकाने हलकेच खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर ती जागा जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर मेलेली. टोकापासून मागे एकेक वीत सरकत खरवडत या. हिरवं कुठे सुरू होतं ते सापडेल. बऱ्याच झाडांत ही हद्द टोकापासून हात-दीड हातावरच असते.

पानगळीशी घोटाळा करू नका. आपल्याकडच्या कोरड्या हवेत निंब माघ-फाल्गुनात पाला टाकतो आणि चैत्रात नवी तांबूस पालवी घेतो. त्या पानगळीत पान पिवळं होतं आणि गळून पडतं. शेंडेमरीत पान गळत नाही, तपकिरी होऊन काडीलाच लटकून राहतं, आणि हे पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच घडतं. महिना आणि लटकलेली पानं, या दोन खुणांवर अर्धं निदान होतं.

उरलेलं अर्धं निदान वाळण्याची जागा बघून होतं. ठिबकच्या शेतात मधलेच काही ड्रिपर चोंदले तर तेवढीच झाडं सुकतात आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद झाला तर सगळी ओळ. झाडाचंही असंच. विखुरलेले शेंडे वाळले तर दुखणं शेंड्यातच आहे. सगळा घेर एकदम पिवळा पडला, पानं बारीक झाली, बुंध्याशी लालसर-तपकिरी, वरून चकचकीत, लाकडासारखी कडक छत्री उगवली, तर दुखणं मुळांत आहे. ती गॅनोडर्मा नावाची मूळकूज. गुलमोहरावर आणि बाभळीवर ती नेहमी दिसते. त्या झाडाचे शेंडे छाटून उपयोग नाही, उलट ते वादळात मुळासकट पडू शकतं. आणि एकाच बाजूची पानं वेडीवाकडी, अरुंद झाली असतील तर त्या बाजूच्या बांधावर तणनाशक कधी मारलं ते आधी विचारा.

दोन गुन्हेगार, एक जखम

निंबाच्या शेंडेमरीत एक बुरशी आणि एक किडा अशी जोडी सापडते.

बुरशीचं नाव फोमोप्सिस अझाडिरॅक्टी. देहरादूनच्या बाजूला १९९० च्या दशकात हा रोग नजरेस आला आणि १९९७ मध्ये कर्नाटकातल्या संशोधकांनी या बुरशीचं वर्णन करून तिला नाव दिलं. कोवळी डहाळी, मोहोर आणि निंबोळी या तिन्हींवर ती वाढते. वाळलेल्या काडीवर भिंगातून पाहिलं तर सालीतून वर आलेले टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे बीजाणूंची कुपी. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी, धुळीपेक्षाही बारीक. काडी भिजली की ही कुपी फुगते, बीजाणू चिकट रसातून बाहेर येतात आणि पावसाच्या थेंबाबरोबर उडून शेजारच्या कोवळ्या शेंड्यावर पडतात. हे एवढं लक्षात ठेवलं तरी छाटणी कधी करायची ते कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

किडा आहे ढेकण्या. कोकणातला काजूवाला त्याला चांगला ओळखतो. इंग्रजीत टी मॉस्किटो बग म्हणतात, पण तो डास नाही, रस शोषणारा ढेकणाच्या कुळातला किडा आहे. लांबी सहा ते आठ मिलिमीटर, अंग सडपातळ, पाय लांब, आणि पाठीवर गोल डोक्याची टाचणी टोचून ठेवल्यासारखा एक उभा काटा. हा काटा दिसला की ओळख पक्की. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर कोवळ्या शेंड्यावर तो सापडतो. सोंड खुपसून रस पितो आणि लाळ आत सोडतो. त्या लाळेने भोवतालचा गर मरतो, आधी पाणचट डाग पडतो, मग तो काळा होतो, शेंडा मान टाकतो. मादी अंडीही कोवळ्या देठाच्या आतच खुपसते. त्यामुळे वरून फवारा मारला तरी अंडी सुरक्षित राहतात, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा पिल्लं दिसतात.

ढेकण्याने पाडलेलं भोक बुरशीला आयता दरवाजा ठरतं. पण किडा नसलेल्या झाडावरही बुरशी येते आणि बुरशी नसतानाही नुसत्या ढेकण्याने शेंडे करपतात. म्हणून नुसतं कीटकनाशक किंवा नुसतं बुरशीनाशक मारून “औषध लागू पडलं नाही” म्हणणारे बरेच भेटतात.

निंब स्वतःच औषध, मग त्याला रोग कसा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. निंबाची ख्याती ज्या अझाडिरॅक्टिन या कडू द्रव्यामुळे आहे ते मुख्यतः निंबोळीच्या बीच्या आतल्या मगजात साठतं. ते किड्याची भूक मोडतं आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. म्हणजे त्याचा मोठा मारा पानं कुरतडणाऱ्या अळ्यांवर, आणि सर्वाधिक प्रमाण बियांत. कोवळ्या शेंड्यातल्या रसात ते तितकं नसतं. शिवाय या बुरशीने निंब हेच आपलं घर केलेलं आहे आणि घरातल्या कडू चवीची तिला सवय आहे. वर्षानुवर्षं एकाच झाडावर जगणाऱ्या जीवाला त्या झाडाचं विष बाधेलच असं नाही. रुईच्या चिकावर जगणारी फुलपाखराची अळी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते.

दोषी कोण हे प्रयोगशाळा कशी ठरवते

मेलेल्या काडीवर बुरशी सापडली म्हणजे तिनेच काडी मारली, असं सिद्ध होत नाही. मेलेल्या लाकडावर डझनभर बुरश्या जेवायला येतात. निरोगी निंबाच्या डहाळीतही अनेक बुरश्या काही त्रास न देता राहतात, त्यांत फोमोप्सिसच्या जातीही असतात. म्हणून वनस्पतिरोगतज्ज्ञ सावकाश चालतात.

आधी जिवंत आणि मेलेल्या भागाच्या सीमेवरचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे कापतात, कारण आगेकूच करणारी बुरशी तिथे असते. पार मेलेल्या टोकात फुकटे खाणारेच जास्त. तुकडे एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिट-दोन मिनिटं बुडवून वरची घाण मारतात, निर्जंतुक पाण्यात धुतात आणि बटाट्याचा अर्क, साखर व अगर (समुद्रशेवाळाची खळ) यांच्या थाळीवर ठेवतात. २५ अंशांच्या आसपास आठवडाभरात बुरशी पसरते. तिचे बीजाणू निरोगी रोपावर सोडतात. तीच लक्षणं आली, आणि त्या रोपातून पुन्हा तीच बुरशी मिळाली, तरच ती दोषी. ही कसोटी रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. आता डीएनए वाचून जात लवकर ओळखता येते, पण रोप आजारी पाडून दाखवण्याला पर्याय नाही.

तुम्हाला नमुना द्यायचा असेल तर याच सीमेवरची वीतभर लांब काडी घ्या, अर्धी हिरवी, अर्धी वाळलेली. तीन-चार काड्या कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी नको, तिच्यात घाम सुटतो आणि भलतीच बुरशी माजते. चिठ्ठीवर गाव, तारीख, झाडाचं अंदाजे वय, पहिलं लक्षण कधी दिसलं आणि जवळ कोणती फवारणी झाली ते लिहा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. नुसता मोबाईलवरचा फोटो पाठवला तर कुणीही अंदाजच सांगेल.

हा बाहेरून आलेला रोग आहे का?

झाडांच्या रोगांच्या बातम्यांत आक्रमक हा शब्द येतो, आणि इथे जरा सांभाळून बोलावं लागतं. आक्रमक रोग म्हणजे मूळ ठिकाणी फारसा त्रास न देणारा, पण माणसाबरोबर नव्या प्रदेशात पोचल्यावर तिथल्या झाडांना झोपवणारा रोग. मूळ गावच्या झाडांनी त्याच्याशी हजारो वर्षं झुंजून तोड काढलेली असते, नव्या गावच्या झाडांना तेवढा वेळ मिळालेला नसतो.

अमेरिकेतल्या चेस्टनट झाडांचा करपा १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात पहिल्यांदा ध्यानात आला. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर ती बुरशी आली होती. पुढच्या चार-पाच दशकांत सुमारे ३०० ते ४०० कोटी झाडं गेली. युरोपातल्या ॲश झाडांची शेंडेमर १९९० च्या दशकात पोलंडमधून पुढे आली आणि २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये सापडली. तीच बुरशी पूर्व आशियातल्या ॲशवर निवांत राहते. एल्म झाडांच्या रोगाला तर डच म्हणतात, पण त्यात हॉलंडचा दोष एवढाच, की १९२० च्या दशकात बिआ श्वार्झ या डच संशोधिकेने त्याचं कारण शोधलं. चांगलं काम केलं की नाव चिकटतं, तसं झालं.

आपल्याकडेही असे पाहुणे येऊन गेले. १९८८ मध्ये सुबाभळीवर मध्य अमेरिकेकडचा सायला नावाचा मावा-सदृश किडा भारतात पोचला आणि कोवळे शेंडे चिकट होऊन मुडपले. त्याच वर्षी त्याचा फडशा पाडणारा निळसर-काळा चित्रांग भुंगेरा थायलंडहून आणून सोडण्यात आला. लाल फुलांच्या पांगाऱ्यावर गाठी करणाऱ्या गांधीलमाशीला २००४ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं आणि दोन-तीन वर्षांत ती भारतात होती. पांगाऱ्याच्या पानाच्या देठावर सुजलेल्या, वेड्यावाकड्या गाठी दिसल्या की ती तिचीच करणी.

निंबाची गोष्ट या पंक्तीत सरळ बसत नाही. बुरशीचं वर्णन भारतातच झालं आणि ढेकण्या दक्षिणेच्या काजूबागांतला जुना रहिवासी. तेव्हा “परदेशी रोग आला” म्हणणं चुकीचं ठरेल. पण पसरण्याचा मार्ग तोच आहे. बुरशी निंबोळीतून आणि रोपातून प्रवास करते, आणि एका जिल्ह्याच्या रोपवाटिकेतलं रोप ट्रकमधून दुसऱ्या जिल्ह्यात जातं तेव्हा सीमेवर त्याला कुणी अडवत नाही.

देशाच्या सीमेवर निदान अडवतात. मशिनरीच्या लाकडी खोक्यावर किंवा पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखं चित्र, देशाची दोन अक्षरं, एक नंबर आणि ‘एचटी’ असा डाग दिलेला दिसतो, जळगावच्या एमआयडीसीत कुठेही बघा. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं. लाकडातल्या अळ्या मारण्यासाठी जगभर पाळला जाणारा हा नियम आहे. डाग नसलेलं परदेशी लाकूड भंगारात आलं तर ते महिनोन्महिने अंगणात न ठेवता लवकर चुलीत घालावं.

“चैत्रात पुन्हा फुटतो की, मग काळजी कशाला?”

फुटतो, हे खरं. जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हात बुरशीची नवी लागण होत नाही, आणि निंबाच्या खोडात, मुळात साठवलेलं अन्न भरपूर असतं. त्या शिदोरीवर तो नवी फूट काढतो. मोठं झाड अशी कित्येक वर्षं काढू शकतं. त्यामुळे पन्नास वर्षांचा निंब शेंडे वाळले म्हणून तोडणं हा निव्वळ अडाणीपणा आहे, आणि शहरात तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय तो गुन्हाही आहे.

काळजी दोन ठिकाणी आहे. पहिली, दोन-तीन वर्षांच्या रोपांची. त्यांच्याकडे शिदोरीच नसते. लागोपाठ दोन पावसाळे शेंडा मेला तर रोप झुडूप होऊन बसतं किंवा जातं. रस्त्याकडेच्या लागवडीत हे फार होतं आणि दोष टँकरच्या पाण्याला दिला जातो.

दुसरी काळजी निंबोळीची. बुरशी मोहोरावर बसली की फळ धरत नाही, धरलं तर सडतं. कपाशीवर पाच टक्के निंबोळी अर्क मारायचा तर १०० लिटर फवारणीसाठी पाच किलो निंबोळी पावडर लागते. गावातल्या निंबांचं फळ एक-दोन हंगाम हुकलं की ही पावडर विकत घ्यावी लागते, नाहीतर महागडी बाटली. शेंडेमरीचा खरा हिशोब इथे लागतो. झाडं मरण्याआधी निंबोळी मरते.

मग करायचं काय, आणि कधी

आखाजी ते मृग, हाच काळ. तोवर नवी पालवी आलेली असते, त्यामुळे मेलेली काडी लांबूनही ओळखू येते, आणि पहिला पाऊस अजून पडायचा असतो, म्हणजे काळ्या ठिपक्यांतून बीजाणू उडायच्या आत काडी झाडावरून उतरते. पावसाळ्यात छाटणी केली तर ताज्या जखमेवर आपणच रोग पेरतो. विजेच्या तारांखाली ऐन पावसाच्या तोंडावर कोयत्याने तोडलेल्या, साल सोललेल्या फांद्यांतून हेच होतं.

मेलेल्या भागाच्या खाली, हिरव्या लाकडात अर्धा फूट येऊन कापा. कापलेल्या तोंडावर तपकिरी रेघ किंवा डाग दिसला तर अजून खाली या. पांढरं स्वच्छ लाकूड दिसेपर्यंत थांबू नका. फांदी जिथे मोठ्या फांदीला मिळते तिथली फुगीर कडा मात्र कापू नका, जखम तीच भरून काढते. एका वेळी झाडाचा पाव हिश्श्यापेक्षा जास्त घेर काढू नये, नाहीतर मे महिन्याचं ऊन उघड्या खोडाला भाजतं. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना करवत-कात्री स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. ब्लीचिंगचं पाणीही चालतं, पण पात्याला गंज चढतो, म्हणून नंतर धुऊन तेल लावा.

कापाच्या तोंडाला बोर्डो पेस्ट लावायची. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. चार-दोन झाडांसाठी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि एक लिटर पुरतं. मोरचूद अर्ध्या पाण्यात, चुना उरलेल्या अर्ध्यात वेगवेगळा कालवून गाळून घ्या आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता, काठीने ढवळत. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची. लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात तांबं चढतं आणि पेस्ट वाया जाते. तयार पेस्टमध्ये स्वच्छ घासलेला विळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त झालं आहे, चुन्याचं पाणी वाढवा, नाहीतर साल जळेल. पेस्ट त्याच दिवशी संपवायची, शिळीची ताकद जाते.

छाटलेल्या काड्या बांधावर रचून ठेवल्या तर सगळी मेहनत फुकट. पावसाआधी चुलीत जाऊ देत, किंवा खड्ड्यात पुरून वर फूटभर माती ओढा.

रोपवाटिकेत बुरशीनाशकाला अर्थ आहे. शेंडा करपताना दिसला की कार्बेन्डॅझिम ५० टक्के पावडर लिटरला एक ग्रॅम, कोवळी फूट भिजेपर्यंत, दोन आठवड्यांनी पुन्हा. सलग तेच औषध मारत राहिलं तर बुरशीला त्याची सवय होते, मध्ये ताम्रयुक्त औषध घ्या. बियाणं रोगट झाडाखालचं नको. झाडावरून पिवळी पिकलेली निंबोळी घ्या, गर काढा, सावलीत सुकवा आणि दोन-तीन आठवड्यांत पेरा, निंबोळीची उगवण फार दिवस टिकत नाही. पिशव्या एकमेकींना खेटून ठेवू नका आणि संध्याकाळी वरून पाणी मारू नका. रात्रभर ओली राहिलेली पानं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

“ट्रॅक्टरच्या पंपाने मोठ्या झाडांवर का मारू नये?”

कारण चाळीस फूट उंच घेराच्या टोकापर्यंत औषध पोचतच नाही आणि जे पोचत नाही ते खाली विहिरीत, गोठ्यात, अंगणातल्या वाळवणावर येतं. निंबाच्या मोहोरावर मधमाश्या असतात. त्याच झाडावरच्या मित्रकिडी मेल्या तर ढेकण्या पुढच्या पिढीत दुप्पट जोमाने येतो, अंडी देठात सुरक्षित असतातच. हा किडा शेवगा आणि पेरूवरही जगतो, तेव्हा घराशेजारच्या शेवग्यावर त्याची वस्ती आहे का ते आधी बघावं. मोठ्या निंबाला उन्हाळ्यात आळं करून महिन्यातून दोनदा भरपूर पाणी आणि बुंध्याभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत फोडणं, याने जास्त फायदा होतो.

“मग निंब लावणंच बंद करायचं का?”

नाही. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्मैल फक्त निंब, हे बंद करायला हवं. १९९० मध्ये फ्रँक सँटामोर या अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञाने शहरी लागवडीसाठी एक हिशोब मांडला, एका जातीची झाडं दहा टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची (जवळच्या जातींच्या गटाची) वीस, एका कुळाची तीस. एल्मच्या रोगाने एकसुरी रस्ते ओसाड झालेले पाहिल्यावर सुचलेला तो शहाणपणा होता. खान्देशच्या मातीत अंजन, करंज, चिंच, शिरीष, मोह, पळस, बेहडा हे सगळे निंबाच्या बरोबरीने टिकतात. अंजनाची वाढ सुरुवातीला संथ, म्हणून कंत्राटी लागवडीत त्याला कुणी विचारत नाही, पण सातपुड्याच्या उघड्या खडकावर उभा राहतो तो अंजनच.

पाला वापरायचा की नाही

शेंडेमरीची बुरशी माणसाला किंवा जनावराला लागत नाही. पाडव्याला, धान्यात घालायला निरोगी डहाळीचा पाला बिनधास्त घ्या, करपलेला तेवढा वगळा. शेळ्यांना हिरवा पाला चालतो. मात्र बोर्डो किंवा कार्बेन्डॅझिम मारलेल्या झाडाचा पाला शेळीपुढे टाकू नका, आणि मेंढ्या असतील तर जास्तच जपा, तांब्याचं विष मेंढीला सगळ्यात लवकर चढतं.